लोहपुरुषाचा सोबती

‘ट्रायथलॉन’ म्हटलं की आपल्याकडे अजूनही बऱ्याच जणांना ते डोकेदुखीच्या गोळीचं नाव वाटतं. म्हणून आधी सोपं करून सांगतो. पोहणं, सायकल आणि पळणं, ह्याच क्रमाने, एकापाठोपाठ एक. मध्ये बूट-कपडे बदलायला लागणारा वेळसुद्धा घड्याळात धरला जातो. पूर्ण ‘आयर्नमन’ म्हणजे ३.८ किमी पोहणं, १८० किमी सायकल आणि वर ४२.२ किमीची मॅरेथॉन. मिलिंद सोमण २०१५ साली पन्नाशीच्या उंबरठ्यावर असताना झुरिचला हे सगळं १५ तास १९ मिनिटांत करून आला. ह्याच्या बरोबर अर्धी स्पर्धा म्हणजे ‘७०.३’ (ही मैलांची बेरीज आहे). १.९ किमी पोहायचं, ९० किमी सायकल, २१.१ किमी पळायचं, आणि सगळं मिळून साडेआठ तासांत. ही स्पर्धा २०१९ मध्ये गोव्यात पणजीच्या मिरामार किनाऱ्यावर सुरू झाली, मग कोरोनाची दोन वर्षं बंद राहिली आणि २०२२ पासून पुन्हा भरू लागली.

२७ ऑक्टोबर २०२४ ला माझा रूममेट तिथे उतरला आणि मी त्याचा ‘सोबती’ म्हणून गेलो. स्पर्धकासाठी नेटवर ढीगभर माहिती आहे. सोबत जाणाऱ्याने नेमकं करायचं काय, हे मात्र कोणी सांगत नाही. म्हणून हा लेख!

आमचा गडी गडचिरोली जिल्ह्यातला. पोहायला शिकला तो गावच्या मामा तलावात. (बाहेरच्या वाचकांसाठी: मामा म्हणजे माजी मालगुजारी. आपल्या झाडीपट्टीत असे तलाव जागोजागी आहेत.) तलावात लाट नसते, त्यामुळे मान खाली घालून सरळ जाता येतं. समुद्रात दर पाच-सहा हातांनी डोळे वर काढून पुढचा तरंगता बोया बघावा लागतो, नाहीतर माणूस तिरका जाऊन उगाच शंभर-दोनशे मीटर जास्त पोहतो. ह्याचा सराव त्याने तलावातच केला, समोरच्या पाळीवरचं एक झाड धरून. सायकलचा सराव चंद्रपूर-मूल रस्त्यावर. मूल साधारण ४५ किमी, म्हणजे जाऊन-येऊन स्पर्धेचं अंतर आपोआप भरतं. पण लोहारा, चिचपल्लीकडे दोन्ही बाजूंना जंगल आहे आणि वाघ काही पोस्टरवरचा नाही. त्यामुळे बाकीचे सायकलवाले पहाटे चारला निघत असतील, हा उजाडल्याशिवाय निघत नसे आणि परतताना उन्हात भाजून निघत असे.

त्यावरूनच त्याला वाटायचं, “आपण चंद्रपूरचे बे, गोव्याची गरमी आपलं काय करून राहिली?” इथे आपलं थर्मोडायनॅमिक्स कामी येतं. आपला कूलर मे महिन्यात इथे मस्त चालतो आणि गोव्यात निव्वळ पंखा होतो, हे आठवा. घाम हा शरीराचा कूलर आहे. एक लिटर घाम पूर्ण सुकला तर जवळजवळ २४०० किलोज्यूल उष्णता घेऊन जातो. पण तो सुकला तर! ४५ अंश आणि १५ टक्के आर्द्रता असेल तर ओल्या फडक्याचं तापमान, म्हणजे वेट बल्ब, २४ च्या आसपास येतं. ३२ अंश आणि ८० टक्क्यांना तेच २९ होतं. म्हणजे थर्मामीटर १३ अंशांनी खाली आणि शरीराचा कूलर मात्र जास्त अडचणीत. गोव्यात घाम सुकत नाही, नुसता गळतो. पाणी गेलं, मीठ गेलं आणि थंडावा मिळाला नाही. त्यावर नुसतं साधं पाणी ढोसत राहिलं तर रक्तातलं सोडियम पातळ होतं. मळमळ, गोंधळल्यासारखं होणं ही त्याची लक्षणं, आणि ते जिवावरही बेतू शकतं. रोवणीला जाणाऱ्या बायका ताकात मीठ टाकून नेतात, त्यामागचं शास्त्र हेच.

आता सोबत्याचा सगळ्यात मोठा धक्का. तुम्ही स्पर्धकाला पाण्याची बाटलीसुद्धा देऊ शकत नाही! बाहेरची मदत घेतली तर तो बाद होऊ शकतो. पाणी, केळी, मिठाचं पेय हे फक्त आयोजकांच्या टेबलावरून घ्यायचं. त्याच्या सोबत पळायचं नाही. पुढच्या सायकलच्या आडोशाने वारा चुकवायचा नाही, १२ मीटर अंतर ठेवायचं. पंक्चर झालं तर ज्याचं त्याने काढायचं. गंमत म्हणजे १८ फेब्रुवारी १९७८ ला हवाईच्या ओआहू बेटावर पहिली स्पर्धा झाली तेव्हा सगळं नेमकं उलटं होतं. जॉन कॉलिन्स ह्या नौदल अधिकाऱ्याच्या डोक्यातली ती कल्पना. १५ जण निघाले, १२ पोचले, आणि प्रत्येकाने आपापली मदतीची माणसं आणायची होती. दुसऱ्या आलेल्या जॉन डनबारच्या माणसांकडचं पाणी संपलं तेव्हा त्यांनी त्याला बिअर पाजली! पहिला आला गॉर्डन हॉलर, ११ तास ४६ मिनिटं ५८ सेकंदांत. आता एवढी मोकळीक नाही.

मग उरतं काय? बघणं आणि ओरडणं. पण तेही डोक्याने करावं लागतं.

स्पर्धकाच्या घोट्याला एक चिप बांधलेली असते. रस्त्यावर ठिकठिकाणी चटया असतात, चटई ओलांडली की वेळ नोंदवली जाते आणि आपल्याला मोबाईलवर दिसते. दोन चटयांच्या मधला जो ठिपका नकाशावर सरकताना दिसतो, तो जीपीएस नसतो. आधीच्या वेगावरून काढलेला तो अंदाज असतो. हे नीट लक्षात ठेवा. आमचा गडी ४८ मिनिटांत पाण्याबाहेर आला (मर्यादा १ तास १० मिनिटं), “पाणी लई खारं हाय बे” एवढंच ओरडून सायकलकडे पळाला. पुढे दोन फेऱ्या व्यवस्थित. मग ठिपका माझ्यासमोरून निघून गेला आणि माणूस आलाच नाही. पाच मिनिटं, दहा मिनिटं... नकाशावर तो उतारावरून झकास पळतोय आणि माझ्यासमोर रिकामा रस्ता! सुरुवातीपासून साडेपाच तासांच्या आत सायकल संपली नाही तर पळूच देत नाहीत. त्याचे आई-वडील गावाकडून सारखे फोन करत होते आणि ते तोच ठिपका बघत होते. “काका, तो ठिपका अंदाजाचा आहे, पुढची चटई लागल्यावर सांगतो,” एवढंच मी म्हणू शकत होतो. पडला, गरगरलं, की नुसतं पंक्चर? ती अठरा मिनिटं मला व्हायव्हापेक्षा लांब वाटली. पंक्चरच निघालं. ५ तास १० मिनिटांवर सायकल संपली, मर्यादेच्या वीस मिनिटं आधी.

पळण्याच्या भागात सोबत्याने फिनिशला उभं राहू नये. तिथे गर्दी, ढोल, सगळं असतंच. जिथे कोणी नाही, सावली नाही, अशा वळणावर जावं. “मस्त दिसतोयस” असं म्हणू नका, तो मस्त दिसत नसतो आणि त्याला ते माहीत असतं. आकडा सांगा. एवढ्या थकव्यात हिशोब जमत नाही, तो हिशोब आपण करायचा. मी पुठ्ठ्यावर लिहिलं होतं : ‘किलोमीटरला ९ मिनिटं चाललं तरी होते!’ बाकी ३ तास १३ मिनिटं, अंतर २१.१, भागाकार नऊच्या थोडा वरच येतो. दुसऱ्यांदा दिसला तेव्हा मी त्याला त्याच्या आईचं नाव विचारलं. उत्तर शिवीसकट आलं, म्हणजे डोकं ठिकाणावर होतं. (ही तपासणी माझी स्वतःची, नियमपुस्तकात नाही.)

८ तास ११ मिनिटांनी तो रेषेपलीकडे गेला. मी काकांना फोन लावला. पलीकडे कोणी बोललंच नाही, नुसता घरातल्या टीव्हीचा आवाज येत राहिला.

रेषा ओलांडल्यावर माणसाला लगेच खाली बसू देऊ नका, दहा-पंधरा मिनिटं हळूहळू चालवा. पाय थांबले की रक्त खाली साठतं आणि चक्कर येते. मग मीठ असलेलं काहीतरी, मग जेवण. आणि सायकल पेटीत भरायचं काम सोबत्याचं, कारण त्याला वाकता येत नाही. दोन्ही पेडल काढावी लागतात. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, ते घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवलं की सुटतं.