पोल सॉ घेऊन फांद्या छाटायचा धंदा: मशीन स्वस्त, बाकीचं महाग

इलेक्ट्रिक पोल सॉ म्हणजे लांब दांड्याच्या टोकाला बसवलेली छोटी चेनची करवत. जमिनीवर उभं राहून दहा-बारा फुटांवरची फांदी कापता येते. व्हिडिओत चालवताना बघितली की काम अगदी सोपं वाटतं आणि लगेच प्रश्न येतो, "सर, ही घेतली तर सोसायट्यांची कामं मिळतील का?" कामं मिळतील. पण मशीन विकत घेण्याआधी तीन गोष्टी डोक्यात पक्क्या करा: फांदी कापायची परवानगी कोणाची, फांदी पडताना काय होतं आणि कोटेशन कसं काढायचं. व्हिडिओत हात कसा चालवायचा ते दाखवता येतं, बाकीचं लिहूनच सांगावं लागतं.

मुंबईत या कामाची गरज आहे का, हे आधी बघू. महापालिकेच्या गेल्या वृक्षगणनेत शहरात सुमारे २९ लाख ७५ हजार झाडं मोजली गेली आणि त्यातली मोठी संख्या सोसायट्या, चाळी, कंपाउंडांच्या आत आहे. दादरच्या हिंदू कॉलनीत, पारसी कॉलनीत फिरून या. परळ-लालबागच्या जुन्या चाळींच्या मागच्या पट्ट्यात बघा. गिरगावात वाडीच्या तोंडाशी एखादं बदामाचं नाहीतर जांभळाचं झाड हमखास असतं आणि त्याची एक फांदी कोणाच्या तरी खिडकीत गेलेली असते. ५ ऑगस्ट २०२० ला कुलाब्याला ताशी १०० किलोमीटरच्या वर वारा गेला, दक्षिण मुंबईत झाडं आडवी झाली. पुढच्याच वर्षी १७ मे ला तौक्ते आलं. त्यानंतर सोसायटीच्या मीटिंगमध्ये झाडाचा विषय निघाला की कोणी हसण्यावारी नेत नाही. मुंबईत पाऊस येण्याची सरासरी तारीख ११ जून. म्हणजे एप्रिलपासून जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत तुमचा फोन वाजणार, आणि त्यातले निम्मे लोक "उद्याच या" म्हणणार.

इथेच नवीन माणूस फसतो.

झाड सोसायटीचं असलं तरी फांदी तुमच्या मर्जीने कापता येत नाही. आपल्याकडे १९७५ चा महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम आहे. त्यात 'झाड तोडणे' याची व्याख्या फक्त बुंध्यावर घाव घालण्यापुरती नाही. जाळणं, कापणं, कुठल्याही प्रकारे इजा करणं हे सगळं त्यात येतं. खासगी जागेतलं झाडही त्यातून सुटत नाही. २०२१ च्या दुरुस्तीनंतर ५० वर्षं किंवा त्याहून जुन्या झाडाला 'हेरिटेज' झाडाचा दर्जा आहे. आता सांगा, दादर-गिरगावात ५० वर्षांच्या आतली झाडं किती असतील? शिक्षेत दंडही आहे आणि कैदही. कमिटीचे सेक्रेटरी म्हणतील, "अहो, दोन फांद्या तर आहेत, कोण बघतंय." समोरच्या बिल्डिंगमधले काका बघतायत. त्यांच्याकडे मोबाईल आहे. आणि फोटोत करवत तुमच्या हातात दिसणार, सेक्रेटरींच्या नाही.

रस्ता सरळ आहे. आपल्या वॉर्डच्या ऑफिसात उद्यान विभाग असतो, तिथे अर्ज द्यायचा. परळ-लालबाग एफ दक्षिणमध्ये, दादरचा बराचसा भाग जी उत्तरमध्ये, गिरगावचा मोठा भाग डी वॉर्डात. अर्जासोबत झाडाचे फोटो, कुठली फांदी, का कापायची ते स्पष्ट लिहा: "गच्चीच्या पत्र्याला टेकते", "सुकलेली आहे, खाली मुलं खेळतात". त्यांचा माणूस येऊन बघतो. परवानगीचं पत्र हातात आलं की ते शब्दन् शब्द वाचा. किती फांद्या, कुठल्या, कोणी कापायच्या, कधीपर्यंत. पत्रात छाटणी लिहिली असेल तर छाटणीच करायची, "आलोच आहोत तर तीही उडवू" असं नाही. फुटपाथवरचं झाड असेल तर विषयच संपला, ते महापालिकेचं. त्याला हात लावायचा नाही, ग्राहकाला तक्रार कुठे करायची ते सांगायचं आणि निघायचं.

आपल्या भागात अजून एक गुंता असतो. चाळ पागडीची असते, मालक वेगळा, भाडेकरू वेगळे, कधी ट्रस्टची जागा. अर्ज ज्याच्या नावाची जागा आहे त्याच्याकडून गेलेला बरा. पहिल्या मजल्यावरच्या मावशी पैसे द्यायला तयार आहेत म्हणून त्यांच्या सांगण्यावर काम सुरू करू नका. मालकाचं किंवा सोसायटीचं लेटरहेडवरचं पत्र घ्या.

आणि घरटं दिसलं तर ती फांदी तशीच ठेवा. पावसाच्या तोंडावरच कावळ्यांची घरटी असतात. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात पक्ष्यांची अंडी-घरटी उचकटणं हे शिकारीतच धरलंय. ग्राहक कुरकुर करेल, करू दे. पिल्लं उडाली की परत येतो म्हणून सांगा.

आता मशीन. दोन प्रकार: वायरवाला आणि बॅटरीवाला. वायरवाला स्वस्त पडतो, वजनाला बरा, पण चाळीच्या अंगणात प्लग कुठून घेणार? कोणाच्या तरी खिडकीतून एक्स्टेंशन सोडायचं, ते पाण्याच्या पिंपावरून जाणार, त्यावरून सायकल जाणार. घ्यायचाच असेल तर बाहेरच्या वापराची जाड वायर आणि ३० मिलीअँपियरचा लिकेज ब्रेकर असलेला बोर्ड सोबत हवाच. धंद्यासाठी माझं मत बॅटरीवाल्याला, दोन बॅटऱ्यांसकट. बार आठ ते दहा इंचांचा पुरे. दुकानदार "बारा घ्या, ताकद जास्त" म्हणेल. लांब दांड्याच्या टोकाला वजन वाढलं की खांदा अर्ध्या तासात बोलायला लागतो, आणि खांदा दमला की हात चुकतो. दुकानात पूर्ण दांडा लावून, हात वर करून दोन मिनिटं धरून बघा. पेट्रोलचा पोल सॉ चाळीच्या चौकात आवाजामुळेच नको.

एक गोष्ट मोठ्या अक्षरात लिहून मशीनच्या पेटीवर चिकटवा: दांडा विजेपासून वाचवत नाही. बरेचसे दांडे ॲल्युमिनियमचे असतात, आणि फायबरचा असला तरी ओली फांदी वीज आणतेच. बेस्टच्या भागात मुख्य केबल्स जमिनीखालून जातात हे खरं, म्हणून लोक निर्धास्त असतात. पण वाडीत बघा: पंपाची वायर, गणपतीच्या वेळी ओढलेली लायटिंग, जिन्यातून झाडावरून नेलेलं कनेक्शन. कुठली चालू, कुठली मेलेली, खालून कळत नाही. वायरपासून कमीत कमी दहा फूट लांब, आणि मशीनच्या पुस्तकात जास्त अंतर लिहिलं असेल तर ते. तेवढी जागा नसेल तर काम घ्यायचं नाही.

फांदी पडते कशी

लोकांना वाटतं पोल सॉने बारीकसारीक फांद्याच कापतो, त्यात काय. हिशेब करून बघा. सहा इंच जाडीची, दहा फूट लांब गुलमोहराची फांदी. ओल्या लाकडाचं वजन घनमीटरला ९०० किलोच्या आसपास धरलं तर नुसत्या दांड्याचे ४५ ते ५० किलो भरतात, पानं-डहाळ्या वेगळ्या. सिमेंटची एक गोणी डोक्यावर सोडल्यासारखं आहे हे. म्हणून दांडा सरळ उभा धरून फांदीच्या खाली उभं राहायचं नाही. दांडा तिरका, जमिनीशी ६० अंशांपेक्षा जास्त उभा नको. तुम्ही बाजूला, मागे पळायला मोकळी वाट. ती वाट काम सुरू करण्याआधी चालून बघायची, कुंड्या-बादल्या हलवायच्या.

कापताना घाई केली की फांदी अर्धी कापली जाते, वजनाने वाकते आणि खोडाची साल खालपर्यंत सोलत नेते. झाडाला मोठी जखम होते, तिथून कीड आणि बुरशी शिरते. त्यासाठी तीन काप. पहिला काप खालून, खोडापासून साधारण एक फूट अंतरावर, जाडीच्या पाव ते एक तृतीयांश एवढाच. जास्त खोल गेलात तर बार अडकतो. दुसरा काप वरून, पहिल्याच्या दोन-तीन इंच पुढे, टोकाच्या बाजूला. इथे फांदी मोडून पडते, आणि साल सोलायला लागली तरी खालच्या कापाशी येऊन थांबते. मग उरलेला हातभर ठोंब तिसऱ्या कापात काढायचा. तिसरा काप खोडाला चिकटून नाही आणि लांब ठोंब ठेवूनही नाही. फांदी खोडाला जिथे मिळते तिथे थोडी फुगीर गाठ असते, तिच्या जरा बाहेर. ती फुगीर जागाच पुढे जखम भरून काढते. त्यावर डांबर, रंग फासायची गरज नाही. ग्राहकाने आग्रह केला तरी समजावून सांगा. फांदी लांब असेल तर टोकाकडून तुकडे करत आत या, एकदम सगळी पाडायची नाही.

चेन पूर्ण वेगात आल्यावरच लाकडाला टेकवा. दाबायचं नाही, मशीनच्या वजनानेच कापू द्या. चुरा पिठासारखा बारीक पडायला लागला म्हणजे चेन बोथट झाली. नवीन चेन पहिल्या काही मिनिटांत सैल पडते, ती पुन्हा ताणा, पण हात लावायच्या आधी बॅटरी बाहेर. तेलाची टाकी बघितल्याशिवाय सुरुवात नाही. आणि मशीन घरी ठेवताना टाकी रिकामी करा, नाहीतर रात्रभर तेल झिरपून घरच्यांची बोलणी खाल.

हेल्मेट, गॉगल, बूट, हातमोजे हे तुम्हाला आणि मदतनीसाला, दोघांना. शिडीवर चढून, गॅलरीच्या कठड्यावरून वाकून किंवा पत्र्यावर उभं राहून पोल सॉ चालवायचा नाही. जमिनीवरून पोचत नसेल तर ते काम तुमचं नाही. ते दोर आणि बेल्टवाल्या अनुभवी टीमचं आहे. त्यांचा नंबर ठेवा, काम द्या, ते तुम्हाला छोटी कामं देतील.

कोटेशन

आता पैशाचं. आकडे समजण्यापुरते धरतोय, तुमचे तुम्ही टाका. मशीन बॅटऱ्यांसकट १८,००० ला आलं, सेफ्टीचं सामान आणि जादा चेन मिळून ५,०००. झाले २३,०००. दीडशे कामं निघाली तर एका कामामागे सुमारे १५० रुपये. तेल आणि चेनची धार, १००. मदतनीस ९००. फांद्या न्यायला टेम्पो १,५००. तुमची स्वतःची मजुरी १,२००. जागा बघायला जाणं, अर्जाचे फोटो-कागद यांचा अर्धा दिवस, ५००. बेरीज ४,३५०, आणि यात नफा अजून धरलेलाच नाही.

बघितलंत? ज्या मशीनसाठी आपण महिनाभर रिव्ह्यू बघतो त्याचे १५० रुपये, आणि ज्याचा विचारच केला नाही त्या टेम्पोचे १,५००. बहुतेक नवीन मुलं "३,००० मध्ये करून देतो" म्हणतात आणि संध्याकाळी गेटजवळ फांद्यांचा ढीग बघत उभी राहतात. सोसायटी म्हणते, "हे उचलणार कोण?" म्हणून कोटेशनमध्ये कचऱ्याची वेगळी ओळ लिहा. सोसायटीला स्वतः उचलायचा असेल तर ती रक्कम वजा करा, पण कागदावर असू द्या. परवानगी सोसायटीने आणायची की तुम्ही धावपळ करायची, तेही लिहा. माझ्या मते हीच धावपळ तुमची खरी सर्व्हिस आहे. करवत कोणीही आणेल. वॉर्डात दोन फेऱ्या मारून रीतसर कागद आणून देणारा माणूस कमिटी पुढच्या वर्षी पुन्हा बोलावते.

कागदपत्रांचं थोडक्यात: उद्यम नोंदणी फुकट होते, एजंटला पैसे देऊ नका. वीसपेक्षा कमी माणसं असतील तर दुकाने-आस्थापना कायद्याखाली फक्त ऑनलाइन सूचना द्यायची असते. सर्व्हिसची उलाढाल वर्षाला २० लाखांच्या आत असेपर्यंत महाराष्ट्रात जीएसटी नोंदणी लागत नाही. विमा मात्र टाळू नका: मदतनीसाचा, आणि दुसऱ्याच्या गाडीवर-माणसावर फांदी पडली तर त्याचा. तो प्रीमियम धरूनच तुमचा दर ठरवा.

जूननंतर काय, हेही विचारलं जातं. भर पावसात, वाऱ्यात हे काम करायचं नाही. दिवाळीनंतर सुकलेल्या फांद्या, पत्र्याला टेकणाऱ्या फांद्या अशी कामं हळूहळू निघतात. त्याच सोसायट्यांना कुंड्या, गच्चीवरची बाग, गटारात गेलेली मुळं असे विषय असतात. नुसत्या पोल सॉवर बारा महिने घर चालेल असं मी म्हणणार नाही. माळीकाम, हार्डवेअर किंवा सोसायटी मेंटेनन्स आधीपासून करत असाल तर ही चांगली जोड आहे. मशीन भाड्याने द्यायची कल्पना मात्र मला पटत नाही. न शिकलेल्या माणसाच्या हातात चेन दिल्यावर दिवसाच्या चारशे-पाचशे रुपयांत तो धोका भरून निघत नाही.

आणि नारळ. प्रत्येक वाडीत कोणीतरी विचारणारच, "माडाच्या झावळ्या पण काढा ना." माडाच्या धाग्यांनी चेन गुंडाळून जाम होते, आणि उंचीही तुमच्या दांड्याच्या पलीकडची. २०१७ च्या जुलैत चेंबूरला नारळाचं झाड अंगावर पडून एका महिलेचा जीव गेला. तेव्हापासून लोक माडाकडे भीतीने बघतात, बरोबर आहे. पण ते काम माडावर चढणाऱ्या जाणकाराचं. झाडच कललेलं असेल तर फोटो काढून त्याच दिवशी उद्यान विभागात अर्ज द्यायला सांगा, आणि तोवर खालची जागा दोरी लावून बंद करून घ्या.