रुग्णनोंदींची दुसरी प्रत : संगणकावरील मिररिंग आणि बॅकअप

पुनर्वसु आत्रेयांच्या सहा शिष्यांनी प्रत्येकी एक तंत्र रचले, हे आपण विद्यार्थिदशेतच शिकलो. त्यांपैकी अग्निवेशाचे तंत्र चरक व दृढबल यांच्या संस्कारांनंतर चरकसंहितेच्या रूपाने आपल्या हाती आले. भेलसंहिता वाचली ती मुख्यत्वे तंजावरच्या ग्रंथसंग्रहातील एका खंडित हस्तलिखितामुळे. जतूकर्ण, पराशर व क्षारपाणी यांची तंत्रे मात्र टीकाकारांनी उद्धृत केलेल्या वचनांपुरतीच उरली. ज्या ग्रंथाच्या प्रती ठिकठिकाणी होत राहिल्या, तो काळाच्या तडाख्यातून तरला.

आज आपले केसपेपर संगणकात आले आहेत. रुग्णाची प्रकृती, दिलेले कल्प, अनुपान, उपशय-अनुपशय, औषधालयातील साठा, बॅच क्रमांक, विक्रीची बिले हे सारे बहुधा एकाच हार्ड डिस्कवर असते. ही डिस्क म्हणजे एकुलते एक हस्तलिखितच होय. ती बंद पडण्यापूर्वी पूर्वरूपे दाखवीलच, असा भरवसा नाही.

मिररिंग म्हणजे काय?

संगणकात दोन डिस्क बसवून प्रत्येक नोंद एकाच वेळी दोन्हींवर लिहिली जाईल अशी योजना करणे, म्हणजे मिररिंग. एक डिस्क निकामी झाली तरी दुसरीवर काम चालू राहते. संगणकशास्त्रात यास 'रेड-१' म्हणतात. 'रेड' ही संज्ञा १९८८ साली बर्कली येथील पॅटरसन, गिब्सन व कॅट्झ यांच्या प्रबंधाने रूढ केली. एक टेराबाइटच्या दोन डिस्क घेतल्या तरी वापरास जागा एकाच टेराबाइटची मिळते.

घरगुती संगणकावर विंडोज १० किंवा ११ असल्यास 'स्टोरेज स्पेसेस' या सोयीतून 'टू-वे मिरर' निवडता येतो. विंडोज १० चा सर्वसाधारण पाठिंबा ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला असल्याने नवी मांडणी ११ वरच करावी. जोडलेल्या दोन्ही डिस्क या वेळी पूर्णपणे पुसल्या जातात, म्हणून जुनी माहिती आधी अन्यत्र उतरवून घ्यावी. विंडोज स्वतः ज्या डिस्कवर आहे ती निराळी ठेवावी. या दोन डिस्क केवळ नोंदींसाठी असाव्यात. जोडीतील एक डिस्क बंद पडली तरी काम अडत नाही, त्यामुळे बिघाड कित्येकदा लक्षातच येत नाही. महिन्यातून एकदा त्या पडद्यावर जाऊन दोन्ही डिस्क ठीक असल्याची खात्री करावी.

भिवंडीत भारनियमनाचे दिवस ज्यांनी पाहिले, त्यांना वीज अचानक जाणे म्हणजे काय हे सांगणे नलगे. नोंद लिहिली जात असतानाच वीज गेली तर दोन्ही डिस्कवरील फाइल एकदमच बिघडू शकते. म्हणून मिररिंगबरोबर यूपीएस हवाच.

आरसा म्हणजे बॅकअप नव्हे

येथे स्वानुभव सांगणे आवश्यक वाटते. मिररिंग करून घेतल्यावर प्रस्तुत लेखक निश्चिंत झाला होता. एके दिवशी साहाय्यकाने जुन्या फाइल आवरताना चालू वर्षाचे रुग्णपत्रकांचे फोल्डर पुसले. आरशाने आपला धर्म पाळला आणि दुसऱ्या डिस्कवरूनही ते त्याच क्षणी गेले. हाताशी असलेला बॅकअप चार महिन्यांपूर्वीचा होता.

पुढे काही आठवड्यांनी आमवाताचे एक जुने रुग्ण आले. त्यांना भल्लातक सोसला नव्हता. ती नोंद नेमकी त्या चार महिन्यांतली. चिठ्ठीवर भल्लातकाचा कल्प लिहून झाला होता. मागच्या खेपेस औषधाने अंगावर फोड उठल्याचे त्यांनीच सहज सांगितले, म्हणून अनर्थ टळला. नोंद हरवणे म्हणजे केवळ कागद हरवणे नव्हे, हे त्या दिवशी उमगले.

लेखनिकाचा प्रमाद जसा पुढच्या प्रत्येक प्रतीत उतरतो, तशी संगणकावरील चूक आरशात उतरते. डिस्कच्या बिघाडावर मिररिंग हा उपाय आहे. मानवी चूक, व्हायरस, चोरी, आग आणि पूर यांवर तो नव्हे. मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय' या खंडणीखोर व्हायरसने जगभरच्या संगणकांतील फाइल कुलूपबंद केल्या. अशा वेळी सदैव जोडलेली दुसरी डिस्कही वाचत नाही.

तीन, दोन, एक

छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी प्रचारात आणलेला नियम सोपा आहे : माहितीच्या तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, त्यांतील एक अन्य ठिकाणी. आपल्यासाठी तो असा योजता येईल :

१. मूळ नोंदी मिरर केलेल्या जोडीवर ठेवाव्यात. ही जोडी एकच प्रत समजावी.

२. दोन बाह्य डिस्क घेऊन आलटून-पालटून रोज रात्री बॅकअप घ्यावा. टॅलीसारखी प्रणाली असल्यास त्यातील कंपनी बंद करून मगच बॅकअप घ्यावा. काम होताच डिस्क संगणकापासून सोडवून कपाटात ठेवावी.

३. एक प्रत दुसऱ्या वास्तूत किंवा क्लाउडवर ठेवावी. २६ जुलै २००५ च्या महापुरात भिवंडीत सखल भागांतून पाणी शिरले होते. तळमजल्यावरील चिकित्सालयात संगणक आणि बॅकअपची डिस्क एकाच टेबलावर असेल, तर पाण्याला दोन्ही सारखीच. २१ जून २०१२ रोजी मंत्रालयाला लागलेल्या आगीत असंख्य शासकीय कागदपत्रे भस्मसात झाली, हेही आपण विसरू नये.

घराबाहेर जाणारी प्रत सांकेतिक रूपात कुलूपबंद असावी, कारण रुग्णाचे गुपित राखणे हे वैद्याचे कर्तव्य आहे. तिचा पासवर्ड बंद पाकिटात, कुटुंबातील विश्वासू व्यक्तीकडे द्यावा.

औषधालय चालकांनी हेही ध्यानी घ्यावे की जीएसटीचे हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपणे बंधनकारक आहे. कोणतीही एक डिस्क इतका काळ टिकेलच असे नाही.

शेवटचा नियम सर्वांत दुर्लक्षित आहे. तीन महिन्यांतून एकदा बॅकअपमधील काही रुग्णपत्रके वेगळ्या फोल्डरमध्ये उतरवून उघडून पाहावीत. कल्प सिद्ध झाला की नाही याची परीक्षा केल्यावाचून आपण तो रुग्णास देत नाही. बॅकअपलाही तोच न्याय लावावा. हे त्रैमासिक हाती पडेल तो दिवस या परीक्षेसाठी नेमून ठेवावा, म्हणजे विसर पडणार नाही.