अन्न टिकवण्याचे तंत्र आणि अन्नावरचा अधिकार

‘असे घडले असते तर’ हा प्रश्न इतिहासाच्या वर्गात फारसा प्रतिष्ठेचा मानला जात नाही. तरीही असा एक प्रश्न मला अनेक वर्षे खुणावत आला आहे. निसिन हा अन्न नासू न देणारा नैसर्गिक पदार्थ दूध आंबवणाऱ्या जिवाणूंच्या काही वाणांपासून तयार होतो. त्याचा जिवाणूरोधक गुण १९२८ मध्ये शास्त्रज्ञांच्या ध्यानात आला आणि १९४७ मध्ये त्याचे नामकरण झाले. हा शोध शंभर वर्षे आधी लागला असता, तर भारतातील उपासमारीचा इतिहास बदलला असता काय?

माझे उत्तर नकारार्थी आहे आणि त्याचा साक्षीदार आहे मीठ. अन्न टिकवण्याचे हे साधन आपल्याला प्राचीन काळापासून ठाऊक होते. परंतु ब्रिटिश राजवटीने त्यावर कर बसवला. करमुक्त मीठ आत येऊ नये म्हणून उत्तर व मध्य भारतात साडेतीन हजार किलोमीटरांहून लांब जकातरेषा आखली, तिच्यावर काटेरी कुंपण वाढवले आणि सुमारे १२ हजार माणसे पहाऱ्यास ठेवली. ही रेषा १८७९ मध्ये मोडण्यात आली. कर मात्र राहिला. मद्रास इलाख्यात तर मासे खारवण्यासाठी सरकारी आवारांत करमुक्त मीठ देण्याची सोय करावी लागली. मीठ समुद्रकाठी होते, ज्ञान कोळ्याच्या घरी होते. नव्हती ती परवडणारी किंमत.

धान्याचे तर त्याहून स्पष्ट आहे. कोरडे धान्य टिकवण्यास निसिनची गरजच नाही. १८७६-७८ च्या महादुष्काळात लक्षावधी माणसे मरत असताना गव्हाची निर्यात चालू होती. १९४३ च्या बंगालमध्येही धान्याच्या तुटवड्याहून ते विकत घेण्याची ऐपत नष्ट होणे अधिक घातक ठरले, हे अमर्त्य सेन यांनी १९८१ मध्ये साधार मांडले.

मग टिकवण्याच्या तंत्राने इतिहास कधीच बदलत नाही काय? बदलतो, पण क्रम महत्त्वाचा. दूध काही तासांत नासते, म्हणून भाव ठरवताना गवळी नेहमीच दुबळा असतो. १९४६ मध्ये खेडा जिल्ह्यातील शेतकऱ्यांनी दूध देणे थांबवले आणि स्वतःचा सहकारी संघ उभारला. १९५५ मध्ये आणंद येथे म्हशीच्या दुधाची भुकटी करणारा कारखाना सुरू झाला. हिवाळ्यातील जादा दूध आता वाया जाईना. संघटना आधी आली, यंत्र नंतर. म्हणूनच यंत्राचे फळ उत्पादकाच्या पदरात पडले.

प्रशासनात असताना साठवण क्षमतेचे आकडे मी टनांत वाचत असे. त्यातील किती क्षमता उत्पादकांच्या मालकीची, हा रकाना मला क्वचितच दिसला. कृषी पायाभूत सुविधांसाठी २०२० मध्ये एक लाख कोटी रुपयांच्या कर्जनिधीची योजना आली. शीतगृहे आणि गोदामे उभारलीच पाहिजेत. पण त्यांच्या यशाचे मोजमाप करताना टनांच्या शेजारी तो रकाना असावा. टोमॅटो महिनाभर टिकला, तरी शीतगृहाची किल्ली दुसऱ्याकडे असेल, तर तो थांबण्याचा लाभही दुसऱ्याचाच.