बर्फाचे ओझे आणि बॅटरीचा ट्रॅक्टर

अमेरिकेत बफेलो शहराच्या दक्षिणेला ऑर्चर्ड पार्क नावाचे गाव आहे. नोव्हेंबर २०२२ मधल्या एका वादळात तिथे सुमारे दोन मीटर बर्फ पडला. शेजारच्या ईरी सरोवराचे पाणी त्या दिवसांत अजून गोठलेले नसते. त्यावरून वाहणारा थंड वारा पाण्याची ऊब आणि वाफ उचलतो आणि किनाऱ्याला लागताच एका अरुंद पट्ट्यात बर्फ ओततो. पट्टा ओलांडून थोडे पुढे गेले तर लख्ख ऊनही असू शकते. एवढे टोकाचे वादळ क्वचित येते, पण एका रात्रीत वीत-दीड वीत बर्फ पडणे ही न्यूयॉर्क राज्याच्या त्या भागात नेहमीची गोष्ट. घरापासून रस्त्यापर्यंतची गाडीवाट सकाळी मोकळी करावीच लागते. रॉचेस्टर-टोरांटोकडे स्थायिक झालेल्या मराठी घरांनाही हे काम चुकलेले नाही.

हे काम म्हणजे नेमके किती ओझे, ते आधी पाहू. गाडीवाट २० मीटर लांब, ४ मीटर रुंद आणि त्यावर ३० सेंटीमीटर थर धरा. हा झाला २४ घनमीटर बर्फ. कडक थंडीत पडलेला ताजा बर्फ पिंजलेल्या कापसासारखा असतो. एका घनमीटरचे वजन ५० ते १०० किलो, म्हणजे सगळा मिळून साधारण सव्वा ते अडीच टन. तापमान शून्याच्या आसपास असताना पडलेला ओला बर्फ मात्र घनमीटरला ३०० किलोपर्यंत जातो आणि तीच वाट सात टनांची होते. एवढे फावड्याने उपसताना दर हिवाळ्यात अनेकांना हृदयविकाराचे झटके येतात. यंत्राचा विचार चैन म्हणून होत नाही, तो या कारणाने होतो.

बागेचा ट्रॅक्टर म्हणजे उन्हाळ्यात गवत कापणारे, वर बसून चालवायचे छोटे यंत्र. ते विजेवर चालवण्याची कल्पना आजची नाही. न्यूयॉर्क राज्यातल्याच स्केनेक्टडी गावी जनरल इलेक्ट्रिक कंपनीने १९६९ साली ‘इलेक-ट्रॅक’ नावाचे असे ट्रॅक्टर बाजारात आणले आणि १९७० च्या दशकाच्या मध्यापर्यंत ते बनत राहिले. नेहमीच्या मॉडेलांत सहा-सहा व्होल्टच्या, गोल्फच्या मैदानावरच्या गाड्यांत असतात तशा सहा शिसे-आम्ल बॅटऱ्या एकापुढे एक जोडून ३६ व्होल्टचा संच केलेला असे. गवत कापायची पाती, बर्फ उडवायचे यंत्र अशा प्रत्येक जोडणीला स्वतःची वेगळी मोटर होती. इंजिनावरून पट्टे ओढून ताकद पोचवायची भानगड नव्हती. त्यातले काही ट्रॅक्टर हौशी लोकांनी नव्या बॅटऱ्या घालून आजही चालते ठेवले आहेत. याचे श्रेय मी त्या साध्या, उघडून दुरुस्त करता येणाऱ्या रचनेला देतो.

अशी एक बॅटरी साधारण २८-३० किलोची. सहा बॅटऱ्यांचे पावणेदोनशे किलो झाले आणि मोठ्या मॉडेलांचे एकूण वजन चारशे किलोच्या घरात गेले. उन्हाळ्यात मऊ हिरवळीवर हे वजन नकोसे वाटते. बर्फात त्याची किंमत कळते, कारण बर्फ ढकलताना बहुतेक वेळा मोटर कमी पडत नाही, चाकाची पकड कमी पडते. दाबलेल्या बर्फावर साध्या रबरी चाकाला, त्यावर जितके वजन असेल त्याच्या साधारण पाचव्या हिश्श्याइतकाच जोर लावता येतो. त्यापुढे चाक नुसते जागच्या जागी फिरते. मागच्या चाकांवर ३०० किलो येत असतील तर ढकलायला साठेक किलोचा जोर मिळतो. चाकांना साखळ्या बांधल्या की तो बराच वाढतो. म्हणून पहिला खर्च साखळ्यांवर करावा, जास्त ताकदीच्या मोटरवर नव्हे. विजेच्या मोटरचा आणखी एक गुण इथे उपयोगी पडतो: ती थांबलेल्या अवस्थेतूनच पूर्ण जोर देते. पाऊल अलगद दाबले तर यंत्र इंच-इंच सरकते आणि चाक सुटत नाही.

आता प्रत्यक्ष काम. पुढे लावायचे पोलादी पाते साधारण सव्वा मीटर रुंद असते. ३० सेंटीमीटर ओल्या बर्फात ते घातले की दर मीटरला शंभर किलोहून जास्त बर्फ समोर गोळा होतो. तीन-चार मीटरांत ट्रॅक्टर आपल्या वजनाइतका ढीग ढकलू पाहतो आणि अडकतो. तोच बर्फ १० सेंटीमीटर असताना काढला तर मीटरला ३५-४० किलोच येतात आणि तिरके धरलेले पाते ते बाजूला सारत जाते. त्यामुळे जड बर्फाशी झुंजण्याचा खरा उपाय वेळापत्रकात आहे. वादळ संपायची वाट पाहायची नाही. दर १० सेंटीमीटरला एक फेरी मारायची, मधल्या वेळात ट्रॅक्टर गॅरेजमध्ये चार्जरला लावायचा. बॅटरीच्या यंत्राला ही पद्धत विशेष मानवते, कारण त्याची ताकद कमी नसते, साठा मर्यादित असतो.

पाते सरळ ठेवून ढकलणे फक्त वाटेच्या टोकाशी. इतरत्र ते तीसेक अंश तिरके ठेवावे आणि मधून सुरुवात करून कडांकडे जावे. हिवाळ्याच्या पहिल्या बर्फाला कडेचा ढीग वाटेपासून शक्य तितका दूर न्यावा. हे आळसापोटी राहून जाते आणि मग जानेवारीत वाट दोन्ही बाजूंनी आवळत येते. गोठून दगड झालेला ढीग हा ट्रॅक्टर हलवू शकत नाही.

ढीग ठेवायला जागाच उरली नाही तर स्नो-ब्लोअर लागतो. त्यात आडवा फिरणारा स्क्रू बर्फ कापून मध्यभागी आणतो. एका टप्प्याच्या यंत्रात तोच स्क्रू बर्फ नळकांड्यातून बाहेर फेकतो. दोन टप्प्यांच्या यंत्रात मागे एक वेगळा पंखा असतो आणि तो लांब उडवतो. सात टन बर्फ पाच-सहा मीटर लांब फेकायला, नुसते गणित केले तर, एका युनिटच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी वीज लागावी. प्रत्यक्षात कितीतरी पट जास्त जाते. दाबलेला बर्फ कापण्यात, पोलादाला घासण्यात, ओल्या बर्फाने नळकांडे चोंदण्यात आणि चाके फिरवण्यात ती संपते. ओल्या बर्फात पुढे जायचा वेग कमी ठेवावा, पण स्क्रूचा वेग कमी होऊ देऊ नये. आतून सिलिकॉनचा फवारा मारलेले नळकांडे कमी चोंदते.

संचात किती वीज असते? छापील आकड्यांनुसार ३६ व्होल्ट आणि २२० अँपियर-तास, म्हणजे जवळपास आठ युनिट. पण तो आकडा वीस तासांत सावकाश वीज काढली तरचा. ७५ अँपियरने ओढली तर अशा बॅटऱ्या पावणेदोन-दोन तास चालतात आणि पाचेक युनिटच हाती येतात. त्यात थंडी. उणे १८ अंशांना आम्लातली रासायनिक क्रिया इतकी मंदावते की क्षमता निम्म्यावर येते. म्हणजे तासाभराच्या आतच यंत्र दमते. बॅटरी पुरती उतरलेली असेल तर धोका आणखी वाढतो. भरलेल्या बॅटरीचे आम्ल उणे ५० अंशांपर्यंतही गोठत नाही. रिकामीतले द्रव मात्र बरेचसे पाणीच झालेले असते आणि उणे ७-८ अंशांना गोठून कवच फोडू शकते. काम झाले की लगेच चार्ज करायचे, उद्यावर टाकायचे नाही. चार्ज होताना हायड्रोजन निघतो, म्हणून तिथे हवा खेळती हवी.

दिलासा एवढा की पावणेदोनशे किलो शिसे आणि आम्ल थंड व्हायलाही खूप वेळ घेते. उबेत ठेवलेला संच बाहेर नेल्यावर पहिली फेरी जोमात होते. लोखंडी पात्याचे आणि नळकांड्याचे मात्र याच्या उलट असते. ते गरम असतील तर त्यांना लागलेला बर्फ वितळतो, मग गोठून चिकटतो. म्हणून जोडणी बाहेरच्या थंडीत ठेवावी आणि ट्रॅक्टर आत.

आजच्या लिथियम बॅटऱ्या हलक्या असतात, जास्त प्रवाह सहज देतात आणि थंडीतही त्यांची क्षमता इतकी ढासळत नाही. वजन घटले म्हणून मागे वेगळी वजने टांगावी लागतात, एवढेच. त्यांचा कडक नियम चार्जिंगचा आहे. शून्य अंशांखाली चार्ज करायला गेले तर लिथियम आत ग्राफाइटमध्ये शिरण्याऐवजी वर धातूरूपात साचते. क्षमता कायमची जाते आणि आत शॉर्ट होण्याची भीती राहते. चांगल्या संचातले नियंत्रक सर्किट अशा वेळी चार्जिंग रोखते. ते बिघाड समजून त्याला वळसा घालू नये.

शेवटी रस्त्याचे तोंड. नगरपालिकेचा बर्फ सारणारा नांगर जातो आणि मोकळ्या केलेल्या वाटेवर दाबलेल्या, मीठमिश्रित बर्फाचा बांध टाकतो. तिकडे वाहने उजवीकडून चालतात, म्हणून रस्त्याकडे तोंड करून उभे राहिल्यास नांगर डावीकडून येतो. आपला बर्फ उजव्या बाजूला टाकावा आणि डाव्या बाजूला रस्त्याकडेला एक मोकळा खिसा करून ठेवावा. नांगर आपले ओझे त्या खिशात टाकून पुढे जातो. तरी आलेला बांध गोठायच्या आत, पाते थोडे वर धरून, थराथराने कापावा. हे करताना मागे पाहत राहावे. यंत्राचा आवाज जवळजवळ नसतो, त्यामुळे ढिगावर खेळणाऱ्या मुलांना ते येत असल्याचे कळत नाही. नळकांडे चोंदले तर आधी किल्ली काढावी, वीज तोडावी, मग काठीने साफ करावे. हात कधीही आत घालू नये. अडकलेल्या स्क्रूत मोटर बंद असतानाही ताण शिल्लक असू शकतो आणि अडथळा निघताच तो फिरतो.