लाकडी जमीन घालण्यापूर्वी ओल पाहा

घराची जमीन म्हटली की नगरच्या माणसाच्या डोळ्यांसमोर शहाबादी फरशी, कोबा किंवा अलीकडची गुळगुळीत टाइल येते. लाकूड या जिल्ह्यातील घरांना परके नव्हते. मात्र ते पायाखाली नसून डोक्यावर असे. जुन्या वाड्यांत तुळयांवर कड्या, कड्यांवर पाट आणि त्यावर मातीचा थर देऊन माळवद किंवा वरचा मजला केला जाई. खालची जमीन शेणाने सारवलेली अथवा दगडी. ही वाटणी केवळ ऐपतीची नव्हती. कडीपाटाच्या लाकडाला खालून सतत हवा लागते, तर जमिनीशी टेकलेल्या लाकडाला ओल आणि वाळवी या दोघी गाठतात. शिवाय वैशाखात पारा चाळिशीच्या पुढे गेल्यावर दगडी जमिनीचा गारवा कोणाला नको असतो?

आता शहरांतील सदनिकांमध्ये, विशेषतः शयनगृहात, लाकडी फ्लोअरिंग दिसू लागले आहे. थंडीत नगरची रात्र बोचरी असते आणि पहाटे थंड फरशीवर पाय ठेवण्यापेक्षा लाकूड सुखावह वाटते, हे त्यामागचे एक खरे कारण. दुसरे कारण असे, की हे काम घरच्या घरी करता येते. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात युरोपात डिंकाशिवाय एकमेकींत अडकणाऱ्या पट्ट्या बाजारात आल्या आणि खिळे-सरसाची गरज उरली नाही. हातकरवत किंवा जिगसॉ, मोजपट्टी, गुण्या, हातोडी आणि दोन सुट्ट्यांचे दिवस एवढ्यावर दहा बाय बाराची खोली पूर्ण होऊ शकते. पट्ट्या जोडण्याचे काम अवघड नाही. फसते ते त्याआधीच्या घाईमुळे.

दुकानात ‘वुडन फ्लोअरिंग’ या एकाच नावाखाली तीन निरनिराळ्या वस्तू विकल्या जातात. पहिली म्हणजे अस्सल भरीव लाकूड: सागवान किंवा परदेशातून येणारा ओक. दुसरीत प्लायसारख्या आडव्या-उभ्या थरांवर अस्सल लाकडाचा काही मिलिमीटरचा पापुद्रा असतो. तिसरी लॅमिनेट. तिच्यात लाकडाच्या भुशाचा दाबून केलेला बोर्ड असतो आणि त्यावर लाकडाचे चित्र छापलेला कागद व पारदर्शक कठीण थर. घरी करण्यास सर्वांत सोपे लॅमिनेट. मात्र एकदा पाणी प्यायलेला बोर्ड फुगतो तो कायमचा आणि त्याला रंधा मारून नवे करता येत नाही. भरीव सागवान अनेकदा घासून पॉलिश करता येते. पण ते खाली रिपा ठोकून त्यावर बसवावे लागते आणि तेथे सुताराचा हात लागतोच. नवख्याने पहिला प्रयोग भरीव लाकडावर न केलेला बरा. पावतीवर या तिघांपैकी नेमके काय घेतले ते लिहून घेण्यास संकोच करू नये.

लाकूड हलते, म्हणजे काय?

तोडलेले, वाळवलेले, पॉलिश केलेले लाकूडही हवेतील दमटपणा शोषते आणि सोडते. हवा कोरडी असेल तर त्यातील पाण्याचे प्रमाण सहा-सात टक्क्यांपर्यंत उतरते. पावसाळी हवेत ते पंधरा-सोळा टक्क्यांपर्यंत चढू शकते. लांबीत याचा फरक नगण्य पडतो, रुंदीत मात्र जाणवतो. सागवान हे या बाबतीत फार संयमी लाकूड. तरीही शंभर मिलिमीटर रुंदीच्या सागवानी फळीतील ओलावा चार टक्क्यांनी वाढला, तर ती साधारण पाऊण मिलिमीटर रुंदावते. आकडा क्षुल्लक वाटतो. पण तीन मीटर रुंदीच्या खोलीत अशा तीस फळ्या बसतात, आणि तीस पाऊण मिलिमीटर म्हणजे दोन सेंटिमीटरांहून अधिक. भिंतीशी फट ठेवली नसेल तर या दोन सेंटिमीटरांना जायला वरच्या दिशेखेरीज वाट नसते. खोलीच्या मधोमध जमीन तंबूसारखी उचलली जाते. ज्या फळीच्या टोकावर वर्षवलये उभी दिसतात ती जवळपास निम्मीच फुगते. वखारीत फळी निवडताना जुने सुतार तिचे टोक का पाहतात, याचे उत्तर येथे आहे.

अहिल्यानगर जिल्ह्यात (ऑक्टोबर २०२४ पर्यंतचा अहमदनगर) हा प्रश्न दोन टोकांचा आहे. नगर शहर, पारनेर, कर्जत, जामखेड हा पर्जन्यछायेचा भाग. वर्षाकाठी पाचशे-सहाशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस. त्याच जिल्ह्याच्या पश्चिम कडेला, अकोले तालुक्यातील घाटघर-रतनवाडीत पावसाचा आकडा चार-पाच हजार मिलिमीटरपर्यंत जातो. भंडारदऱ्याच्या परिसरात सुट्टीचे घर बांधणारा नगरकर शहरात ठेवलेल्या पट्ट्या नेऊन तिकडे लगेच बसवील, तर पहिल्याच आषाढात त्या फुगतील. उलट तिकडच्या दमट कोठारात पडून राहिलेल्या फळ्या नगरमध्ये बसविल्यास चैत्रापर्यंत त्यांच्यात नाणे शिरेल एवढ्या फटी पडतील. भारतीय मानक ब्युरोच्या आयएस २८७ या मानकातही हवेतील आर्द्रतेनुसार देशाचे चार विभाग पाडून प्रत्येकासाठी लाकडातील ओलाव्याची मर्यादा निराळी सांगितली आहे. पण एकाच जिल्ह्यात दोन हवामाने असतील तर नकाशापेक्षा स्वतःच्या खोलीवर भरवसा ठेवावा. माल ज्या खोलीत घालायचा त्याच खोलीत, आडवा, बंद खोक्यांत किमान दोन दिवस ठेवावा. भरीव लाकूड असेल तर दोन-तीन आठवडे, पट्ट्यांमध्ये चिपा घालून.

दिवाळीआधी नव्हे, नंतर

घराचे काम दिवाळीपूर्वी उरकण्याचा आपल्याकडे प्रघात आहे. रंगासाठी तो ठीक; लाकडी जमिनीसाठी हाच काळ गैरसोयीचा. नगरच्या बाजूला पाऊस बहुधा सप्टेंबरमध्येच मनावर घेतो, त्यामुळे दसऱ्याच्या सुमारास भिंती आणि जोते यांतील ओल अद्याप निघालेली नसते. भर मे महिन्यातही बसवू नये. त्या वेळी लाकूड आक्रसलेले असते आणि पुढचा पावसाळा त्याला पूर्ण फुगवतो. दिवाळीनंतरचे सहा-सात आठवडे या दोहोंच्या मधले. हवा ना फार ओली ना फार सुकी.

ओल तपासण्याची एक बिनखर्चाची रीत आहे. दोन फूट चौरस जाड पारदर्शक प्लास्टिक जमिनीवर चारही बाजूंनी चिकटपट्टीने हवाबंद करून चोवीस तास ठेवावे. आतून दव जमले किंवा खालची जमीन गडद झाली, तर काम थांबवावे. नव्या काँक्रीटला सुकण्यासाठी इंचाच्या जाडीमागे महिना असा ढोबळ हिशेब धरतात. तळमजल्यावर, विशेषतः जुन्या घरात मुरमाच्या भरावावर थेट फरशी बसविली असेल तेथे ही चाचणी पावसाळ्यात पुन्हा करावी. हिवाळ्यात कोरडी दिसणारी जमीन भाद्रपदात खालून पाणी ओढू शकते. अशा खोलीत लाकूड घालूच नये, हा सल्ला कटू असला तरी स्वस्त पडतो. जेथे वाळवीचा माग दिसतो तेथे आधी वाळवीचे औषध मारून घ्यावे. सागाचा गाभा वाळवीला दाद देत नाही, पण बाहेरचे पांढरट लाकूड आणि लॅमिनेटचा बोर्ड तिला वर्ज्य नाही.

जमीन कोरडी असेल तर टाइल न उखडता तिच्यावरच पट्ट्या बसविता येतात. अट एवढीच, की दोन मीटरच्या सरळ पट्टीखाली तीन मिलिमीटरपेक्षा अधिक उंचसखलपणा नसावा. हलणारी टाइल आधी पक्की करावी. मग जाड प्लास्टिक, सांध्यांवर वीतभर चढवून. त्यावर फोमचा पातळ थर. पहिली ओळ लांब भिंतीलगत सुरू होते आणि भिंतीशी दहा-बारा मिलिमीटरची फट राहावी म्हणून लाकडाचे तुकडे मध्ये ठेवतात. ही फट चारही बाजूंना हवी, दाराच्या चौकटीशी आणि उंबरठ्याशीदेखील. नंतर ती स्कर्टिंगखाली झाकली जाते. स्कर्टिंग भिंतीला ठोकावे, जमिनीला नव्हे. शेजारच्या ओळींतील सांधे एकमेकांपासून फूटभर तरी सरकलेले असावेत. सुरुवात करण्यापूर्वी खोलीची रुंदी पट्टीच्या रुंदीने भागून पाहावी. शेवटची ओळ दोन इंचांपेक्षा अरुंद येणार असेल तर पहिली ओळच थोडी कापून घ्यावी. आणखी एक गोष्ट हमखास विसरली जाते: जमीन फोमसह सुमारे अर्धा इंच उंचावते आणि दार अडकते. दाराची खालची कड तासण्याचे काम पट्ट्या बसविण्यापूर्वी करावे.

एवढे करूनही खरी कसोटी घरकामाची असते. नगरच्या धुळीत रोज बादलीभर पाण्याने फरशी पुसण्याची सवय असलेल्या घरात लाकडी जमीन फार दिवस तग धरत नाही. तिला झाडू आणि घट्ट पिळलेले फडके पुरते; फिनाइलचे पाणी सांडून ठेवणे तिला चालत नाही. काम करणाऱ्या बाईंना आणि घरातील ज्येष्ठांना हे आधी सांगावे लागते, आणि ते त्यांना पटेलच असे नाही. म्हणून स्वयंपाकघर, देवघर आणि न्हाणीघराला लागून असलेली खोली वगळावी. वरच्या मजल्यावरील एक शयनगृह हा पहिल्या प्रयोगाचा योग्य आवाका.

माल घेताना मोजमापापेक्षा आठ-दहा टक्के अधिक घ्यावा, कारण कोपऱ्यांत तुकडे वाया जातात. काम संपल्यावर त्यातील चार-पाच पट्ट्या उरल्या तर त्या दुकानात परत न करता पलंगाखाली आडव्या ठेवून द्याव्यात. पुढे एखादी पट्टी खराब झाली, तर त्याच रंगाचा माल दुकानात मिळेलच याची खात्री नसते.