खेळाडू गावाचा, संघ गावाचा : किल्केनी जिल्ह्याची हर्लिंग स्पर्धा

कबड्डीच्या सामन्यात शेजारच्या गावाने बाहेरून दोन तगडे गडी आणून उभे केले, की आपल्याकडे पहिला वाद तिथूनच पेटतो. 'हा कुठला? याचं रेशनकार्ड दाखवा आधी!' असं म्हणणारा एक तरी भेटतोच. आयर्लंड देशात हाच वाद टाळण्यासाठी खेळाचा सगळा कारभार गावाच्या शिवेवर उभा केला आहे. तिथला हर्लिंग हा खेळ आणि त्यातली जिल्हा स्पर्धा यांची ही हकीकत आहे. शेतकऱ्यांच्या चळवळीच्या सावलीत जन्मलेली ही स्पर्धा सव्वाशे वर्षांहून अधिक काळ चालू आहे, आणि खेळाडूला आजही एक पैसा न देता चालू आहे.

आयर्लंडमध्ये काउंटी म्हणतात, तो आपला जिल्हा समजा. काउंटीच्या खाली पॅरिश. पॅरिश म्हणजे एका चर्चच्या हद्दीत येणारी दोन-चार गावे आणि आसपासच्या वाड्या. क्लब असतो तो या पॅरिशचा. ज्या पॅरिशमध्ये तुमचे घर, त्याच क्लबाकडून तुम्ही खेळायचे. किल्केनी हा आग्नेय आयर्लंडमधला शेतीचा, गाईगुरांचा जिल्हा. तो हा नियम फार कडक पाळतो, आणि आंतरजिल्हा अखिल आयर्लंड स्पर्धा सर्वांत जास्त, म्हणजे ३६ वेळा, जिंकणाराही हाच जिल्हा.

खेळ कसा असतो, ते थोडक्यात सांगतो. एका बाजूला पंधरा गडी. प्रत्येकाच्या हातात खाली चपटी आणि रुंद होत गेलेली लाकडी काठी, तिला हर्ली म्हणतात. चेंडू आतून बुचाचा, वरून कातड्याचा, साधारण टेनिसच्या चेंडूएवढा. तो जमिनीवरून मारा, हवेत मारा, हातात घेऊन मारा, काठीच्या टोकावर तोलत धावा, सगळे चालते. गोलाचे खांब इंग्रजी एच अक्षरासारखे. आडव्या दांडीच्या वरून चेंडू गेला तर एक गुण, खालून जाळ्यात गेला तर गोल, म्हणजे तीन गुण. क्लबाचा सामना साठ मिनिटांचा. वेग असा, की नवख्या माणसाला चेंडू दिसतच नाही. डोक्याला लोखंडी जाळीचे शिरस्त्राण २०१० पासून सर्वांना सक्तीचे आहे. त्याआधी उघड्या डोक्याने खेळणारे महाभाग पुष्कळ होते!

जमिनीच्या लढ्यातून मैदानात

खेळ फार जुना. अठराव्या शतकात जमीनदार आपापल्या कुळांचे संघ करून पैजा लावत. पुढे १८४५ पासून बटाट्याच्या पिकावर रोग पडला आणि मोठा दुष्काळ आला. लाखो माणसे मेली, लाखो देश सोडून गेली. गावेच ओस पडली, तिथे खेळ कोण खेळणार?

१८७९ मध्ये मायकेल डॅव्हिट आणि चार्ल्स पार्नेल यांनी लँड लीग काढली. खंड कमी करा, कुळाला जमिनीवरून हाकलू नका, अशी तिची मागणी. गावोगाव सभा झाल्या, माणसे संघटित व्हायला शिकली. अशा वातावरणात १ नोव्हेंबर १८८४ रोजी टिपररी जिल्ह्यातल्या थर्लस गावी एका हॉटेलात मूठभर माणसे जमली आणि गेलिक अ‍ॅथलेटिक असोसिएशन ही संस्था स्थापन झाली. पुढाकार मायकेल क्युसॅक या शिक्षकाचा, पहिले अध्यक्ष मॉरिस डॅव्हिन. आश्रयदाते म्हणून आर्चबिशप क्रोक, पार्नेल आणि डॅव्हिट या तिघांची नावे होती. यावरूनच संस्थेचा कल ध्यानात यावा. त्या काळी बाकीचे खेळ साहेबलोकांचे होते. शेतमजुराला सुट्टी फक्त रविवारची, म्हणून सामने रविवारी ठेवले आणि गावातल्या कोणालाही खेळता येईल असे केले.

पॅरिशला क्लब जोडला तो याच काळात. दुसरी कुठली हद्द लोकांना एवढी ठाऊक नव्हती. प्रत्येकाचे चर्च ठरलेले, त्यामुळे कोण कुठला याला पुरावा लागत नसे.

१८८७ मध्ये किल्केनीची पहिली जिल्हा स्पर्धा झाली आणि ती टुलारोन या गावाने जिंकली. त्याच वर्षीपासून सर्व देशाची स्पर्धा सुरू झाली. पण जिल्ह्याचा निवडक संघ ही कल्पना तेव्हा नव्हतीच. ज्या क्लबाने जिल्हा जिंकला, तोच जिल्ह्याच्या नावाने पुढे खेळायचा. देशाचा पहिला अंतिम सामना १ एप्रिल १८८८ रोजी बर या गावी झाला. त्यात थर्लसच्या माणसांनी गॉलवे जिल्ह्यातल्या मीलिक गावाला हरवले. तेव्हा एका बाजूला एकवीस गडी असत. एक गोल झाला की समोरच्याचे कितीही गुण त्यापुढे फिके, असा नियम होता. गोल म्हणजे तीन गुण हा हिशेब १८९६ चा, आणि पंधरा गडी ठरले ते १९१३ मध्ये. मुद्दा एवढाच, की आज ८२ हजार लोकांपुढे डब्लिनच्या क्रोक पार्कमध्ये जिल्ह्याजिल्ह्यांचा सामना होतो, त्याचे मूळ गावच्या क्लबात आहे.

टुलारोनचे नाव आले म्हणून लॉरी मागर याचे सांगायलाच हवे. शेतकरी माणूस, बोलायला लाजाळू. १९३२, १९३३ आणि १९३५ असा तीनदा देशाचा विजेता. त्याचे घर आज गावात संग्रहालय म्हणून जपले आहे.

दुसरे एक नाव कॅरिकशॉक. १८३१ मध्ये चर्चचा दशांश कर वसूल करायला आलेल्या पोलिसांशी शेतकऱ्यांची जिथे चकमक झाली, त्या ठिकाणाचे नाव या क्लबाने घेतले. या क्लबाने १९४० ते १९४३ सलग चार वर्षे जिल्हा जिंकला.

स्पर्धा चालते कशी?

किल्केनीत वरिष्ठ वर्गात फक्त बारा क्लब. त्याखाली मधला वर्ग, त्याखाली कनिष्ठ. बारांचे सहा-सहाचे दोन गट पाडतात. गटात प्रत्येकाशी एकेक, म्हणजे पाच साखळी सामने होतात. इथे गंमत अशी, की साखळीतून कोणी बाहेर फेकला जात नाही. साखळीने फक्त पायरी ठरते. वरचे चार क्लब थेट शेवटच्या आठांत जातात. उरलेल्या आठांना एक जादा सामना खेळून तिथे पोचावे लागते. त्यापुढे बाद फेरी, हरला तो घरी.

आणि त्या जादा सामन्यात जे हरतात, त्यांचे काय? त्यांची खरी परीक्षा तिथून पुढे. त्यांना आपापसात खेळावे लागते आणि शेवटी जो उरतो तो मधल्या वर्गात घसरतो. त्याच्या जागी मधल्या वर्गाचा विजेता वर येतो. एक खाली, एक वर. चषकाच्या अंतिम सामन्यापेक्षा या घसरणीच्या सामन्यात रडारड जास्त! खाली गेलेला क्लब पुन्हा वर यायला किती वर्षे लागतील, याचा नेम नसतो. टुलारोनचेच पाहा. वरिष्ठ गटाची वीस विजेतेपदे नावावर, विसावे १९९४ चे, आणि तरी पुढे मधल्या वर्गात जाण्याची पाळी आली. २०१९ मध्ये तो वर्ग जिंकून आणि २०२० च्या जानेवारीत त्या वर्गाचे देशाचे विजेतेपद घेऊन ते पुन्हा वर आले. मोठ्या घराण्याचं नाव आहे म्हणून कोणी सवलत दिली नाही, ही मला या स्पर्धेतली सर्वांत आवडलेली गोष्ट.

उलट बाजूला थॉमसटाऊन. शेवटचे वरिष्ठ विजेतेपद १९४६ चे. २०२३ मध्ये त्यांनी मधला वर्ग जिंकला, २०२४ च्या जानेवारीत त्याच वर्गात देशात पहिले आले आणि त्याच वर्षी वरिष्ठ वर्गात पुन्हा पाऊल टाकून थेट जिल्ह्याचा चषक उचलला. अठ्ठ्याहत्तर वर्षांनी! हा अंतिम सामना किल्केनी शहरातल्या नोलन पार्क मैदानावर होतो, आणि त्या रविवारी खेळणाऱ्या गावांत घरी कोणी राहात नाही म्हणतात.

जिल्हा जिंकण्याला आणखी एक मान होता. विजेत्या क्लबाने पुढच्या वर्षीच्या जिल्हा संघाचा कप्तान सुचवायचा, अशी प्रथा किल्केनीत फार वर्षे चालली. २०१३ मध्ये क्लारा या छोट्या क्लबाने जिल्हा जिंकला, म्हणून २०१४ मध्ये देशाचा चषक स्वीकारायला क्लाराचा लेस्टर रायन पुढे गेला, जरी त्या अंतिम सामन्यात तो पहिल्या पंधरांत नव्हता. राखीव गडी कप्तान! आपल्याला विचित्र वाटेल, पण यात मान माणसाचा नव्हताच, गावाचा होता.

सात भाऊ आणि एक गाव

आता बॅलीहेल. काही शे वस्तीचे गाव. एकाच पॅरिशमधल्या वेगवेगळ्या संघांनी १९७२ मध्ये भांडणे बाजूला ठेवून बॅलीहेल शॅमरॉक्स हा एक क्लब केला. सहाच वर्षांत, १९७८ ला, जिल्हा जिंकला. १९८१ मध्ये देशाच्या क्लब स्पर्धेच्या अंतिम सामन्यात कॉर्क शहराच्या सेंट फिनबार्सला हरवले, तेव्हा संघात फेनेली घराण्यातले सात सख्खे भाऊ होते. पंधरांतले सात एका घरचे! पुढे हेन्री शेफ्लिन आणि टी. जे. रीड हे अलीकडचे सर्वांत नामांकित खेळाडूही याच क्लबाचे. २०१८ ते २०२२ सलग पाच वर्षे जिल्हा जिंकून बॅलीहेलने टुलारोनच्या वीस विजेतेपदांशी बरोबरी केली. देशाची क्लब स्पर्धा त्यांनी २०२३ पर्यंत नऊ वेळा जिंकली.

पण सगळ्याच गावांच्या नशिबी फेनेली घराणे नसते. २००८ च्या मंदीनंतर आयर्लंडमधली तरणी पोरे ऑस्ट्रेलिया, कॅनडाला गेली. जी राहिली ती डब्लिनकडे सरकली. पंधरा गडी जमवायचे म्हणजे तीस-पस्तीस पोरे गावात हवीत. ती नसतील तर? पॅरिशचा नियम इथे काचतो. शेजारच्या पॅरिशमध्ये पोरे भरपूर, पण उसनी घेता येत नाहीत.

कॉर्क जिल्ह्याने यावर वेगळा तोडगा काढला. तिथे खालच्या वर्गातल्या लहान क्लबांचे चांगले खेळाडू एकत्र करून विभागाचा संघ वरिष्ठ स्पर्धेत उतरवता येतो. खेळाडू आपल्या गावाकडून खालच्या वर्गात खेळतो आणि विभागाकडून वरच्या. इमोकिली या विभागाने २०१७, २०१८, २०१९ आणि पुन्हा २०२४ मध्ये कॉर्क जिंकले. पण विभागाला जिल्ह्याबाहेर खेळता येत नाही. म्हणून २०२४ मध्ये इमोकिलीकडून हरलेला सार्सफील्ड्स क्लब पुढे गेला आणि त्याने मन्स्टर प्रांत जिंकून दाखवला! लहान गावच्या गुणी पोराला न्याय मिळतो हे खरे, पण जिंकलेला घरी आणि हरलेला पुढे, हे पचायला जड जाते. मला विचाराल तर किल्केनीची पद्धत कठोर आहे, पण तिचा हिशेब सरळ आहे.

दुसरे दुखणे वेळापत्रकाचे होते. पूर्वी जिल्हा संघाचे सामने उन्हाळाभर चालत, अंतिम सामना सप्टेंबरात. तोवर गावचे सामने लटकलेले. क्लबाचा खेळाडू पुढचा सामना कधी, हे विचारत बसायचा. ना गवताची कापणी ठरवता येई, ना घरचे लग्न. २०१७ मध्ये क्लब खेळाडूंनी आपली संघटनाच काढली. २०२० मध्ये कोरोनामुळे आधी गावचे सामने घ्यावे लागले आणि सगळ्यांनाच ते पसंत पडले. २०२१ च्या अधिवेशनात वर्षाचे दोन भाग करण्याचा ठराव झाला आणि काम झाले म्हणून खेळाडूंनी आपली संघटना विसर्जितही केली. आता जुलैअखेर जिल्ह्याचे सामने संपतात आणि पुढचा काळ गावांचा.

काठीचे झाड

शेतकरी वाचकांसाठी एक गोष्ट राहिली. हर्ली बनते अ‍ॅश नावाच्या झाडापासून. साधारण पंचवीस-तीस वर्षांच्या झाडाचा बुंधा मुळाकडे जिथे वळतो, तेवढाच भाग कामाचा, कारण लाकडाची रेघ काठीच्या वळणाबरोबर वळते. आपल्याकडे नांगरासाठी सुतार बाभळीचे नेमके वाकडे खोड शोधायचा, तसेच. २०१२ मध्ये परदेशातून आणलेल्या रोपांबरोबर एक बुरशीजन्य रोग आयर्लंडमध्ये शिरला आणि झाडे शेंड्याकडून वाळू लागली. अनुदानावर अ‍ॅशची लागवड केलेल्या शेतकऱ्यांची वर्षानुवर्षांची गुंतवणूक बुडाली. भरपाईसाठी ते बरीच वर्षे भांडत होते. २०२४ मध्ये सरकारने हेक्टरी पाच हजार युरो जाहीर केले. दरम्यान बांबूच्या हर्ली बाजारात आल्या. जुने खेळाडू नाक मुरडतात, पोरे मात्र खुशाल वापरतात.

जिल्हा जिंकल्यावर किल्केनीचा क्लब लेन्स्टर प्रांताच्या स्पर्धेत जातो आणि तिथून देशाच्या. ही देशाची क्लब स्पर्धा १९७०-७१ पासूनची. पूर्वी तिचा अंतिम सामना १७ मार्चला, सेंट पॅट्रिकच्या सणाला होई. २०२० पासून तो अलीकडे आणला, बहुधा जानेवारीत असतो. २०२२ चा तेवढा फेब्रुवारीत झाला. बॅलीहेल आणि वॉटरफर्डचे बॅलीगनर समोरासमोर. वेळ संपत आलेली, बॅलीहेल दोन गुणांनी पुढे. शेवटच्या क्षणी बॅलीगनरच्या हॅरी रडलने लांबून चेंडू जाळ्यात घातला आणि बॅलीगनर एका गुणाने जिंकले. त्याच वर्षी हिवाळ्याच्या तोंडाशी बॅलीहेलची तीच माणसे पुन्हा किल्केनी जिंकून पुढे गेली आणि २०२३ च्या जानेवारीत देशाचा चषक घेऊन गावात परतली.