लिफ्ट ‘नाही’ म्हणते तेव्हा

लातूर-नांदेडच्या अपार्टमेंटमधल्या लिफ्ट आता जुन्या होत चालल्या आहेत. त्या वरचेवर बंद पडतात म्हणून आपण वैतागतो. खरी काळजी मात्र बंद पडायला हवी असताना चालू राहणाऱ्या लिफ्टची करायला हवी.

‘‘सकाळपासून लिफ्ट हलंना गेली बघा,’’ वॉचमनमामांनी फाटकातच सांगितलं. लातूरच्या औसा रोडवरची पाच मजली इमारत. खाली दुकानं, मध्ये बिऱ्हाडं, वरच्या मजल्यांवर ‘नीट’च्या तयारीला आलेल्या मुली. मे महिन्यातली दुपार. मेकॅनिकच्या मागोमाग मीही गच्चीवरच्या मशिनरूममध्ये शिरलो. आत भट्टी पेटल्यासारखी धग. कोपऱ्यात जुने कूलर, रंगाचे डबे आणि कुणाच्या तरी लग्नातली गादी.

त्यानं कंट्रोलरचं दार उघडलं, मल्टिमीटरची एक पिन अर्थिंगला लावली आणि दुसरी एकेका पॉइंटवर टेकवत गेला. ‘‘इथं येतोय सप्लाय... इथं येतोय... इथं गेला. तिसरा मजला, दार.’’ आम्ही खाली आलो. तिसऱ्या मजल्यावरचं दार बघणाऱ्याला बंदच वाटत होतं. फट होती नखाएवढी. दार ज्या खाचेत सरकतं, त्या खाचेतून त्यानं स्क्रू-ड्रायव्हरनं एकेक ऐवज बाहेर काढला: सुपारीच्या पुडीचा कोपरा, वाळूचे खडे, पेनाचं टोपण आणि वाकलेली हेअरपिन. ब्रश फिरवला, दार ढकललं. ‘खट्’ असा आवाज आला आणि लिफ्ट निघाली.

‘‘एवढंच होतं?’’ सोसायटीच्या चेअरमनसाहेबांनी विचारलं. त्यांच्या आवाजात सुटकेपेक्षा बिलाची काळजी जास्त होती.

विझलेली माळ

त्या ‘खट्’मध्ये बरंच काही आहे. जुन्या पद्धतीच्या दिव्यांच्या माळेत एक बल्ब गेला की सगळी माळ विझायची. लिफ्टची सुरक्षा-साखळी तशीच असते. प्रत्येक मजल्याच्या दाराचं कुलूप, केबिनचं दार, सर्वांत वरचा आणि सर्वांत खालचा लिमिट स्विच, वेगावर नजर ठेवणारा गव्हर्नर, लिफ्टच्या विहिरीच्या तळाशी असलेल्या खड्ड्यातला स्टॉप स्विच हे सगळे एकाच ओळीत जोडलेले असतात. त्यातला एक जरी उघडा राहिला तरी मोटारला हुकूम मिळत नाही. आपण म्हणतो लिफ्ट बिघडली. तिनं फक्त ‘नाही’ म्हटलेलं असतं.

ब्रेकही याच तत्त्वावर चालतो. मोटारसायकलचा ब्रेक दाबल्यावर लागतो. लिफ्टचा ब्रेक स्प्रिंगच्या जोरानं कायम लागलेलाच असतो आणि वीज मिळाली तरच सुटतो. म्हणून वीज गेली की लिफ्ट पडत नाही, जागच्या जागी धरली जाते. वर तीन-चार किंवा जास्त पोलादी दोर असतात आणि त्यातला एकेक दोर भरलेली केबिन पेलू शकतो. तरीही वेग मर्यादेबाहेर गेलाच तर गव्हर्नर केबिनखालच्या पकडी दोन्ही बाजूंच्या रुळांवर आवळतो. एलिशा ओटिसनं १८५४ मध्ये न्यूयॉर्कच्या क्रिस्टल पॅलेसमधल्या प्रदर्शनात स्वतः उंच फळीवर उभं राहून दोर तोडायला लावला होता, तो अशीच पकड दाखवण्यासाठी. फळी थोडी घसरली आणि थांबली.

अनेकांना न पटणारी आणखी एक गोष्ट: ब्रेक पूर्ण निकामी झाला तर रिकामी लिफ्ट खाली येत नाही, वर जाते. केबिनच्या दुसऱ्या बाजूला जे वजन लटकतं, ते केबिनपेक्षा मुद्दाम जड ठेवलेलं असतं. केबिनचं वजन अधिक क्षमतेच्या साधारण निम्मा भार, असा हिशेब. बऱ्याच जुन्या लिफ्टमधल्या पकडी खाली जाणारी केबिन धरण्यासाठीच असतात. म्हणून ब्रेकच्या लायनिंगची झीज हा वर्षाकाठी एकदा उरकायचा विषय नाही.

मराठवाड्याची दुखणी

लिफ्टचं पुस्तक सगळीकडे एकच असलं तरी दुखणी गावागणिक बदलतात. आपल्याकडचं पहिलं दुखणं विजेचं. ट्रान्सफॉर्मर जळतो, दोन दिवसांनी दुसरा बसतो, टीव्ही-फ्रिज चालू होतात आणि लिफ्ट तेवढी हलत नाही. याचं कारण शेतकऱ्याला लगेच कळेल. फेजच्या वायरी उलटसुलट लागल्या की विहिरीवरची मोटार उलटी फिरते. लिफ्टमध्ये तसं झालं तर ‘वर’ दाबल्यावर ती खाली जाईल. म्हणून एक रिले फेजचा क्रम तपासतो आणि तो चुकला की सगळं अडवून धरतो. वायरमननं दोन फेज अदलाबदल केल्या की काम होतं. पण हे ठाऊक नसलेला माणूस रिलेच काढून टाकतो! व्होल्टेज पडलं की वेगळीच तऱ्हा. ब्रेक अर्धवट सुटतो, लायनिंग घासत राहतं आणि जळका वास येतो. असा वास आला तर लिफ्ट बंदच ठेवावी.

दुसरं दुखणं उन्हाचं. मोटारचा वेग सांभाळणारा ड्राइव्ह तापला की स्वतःला बंद करून घेतो. संध्याकाळी लिफ्ट आपोआप सुरू होत असेल, तर पार्ट बदलण्याआधी मशिनरूमचा एक्झॉस्ट फॅन फिरतो का ते पाहावं आणि अडगळ हलवावी. उष्णतेनं बॅटऱ्याही लवकर मरतात. वीज गेल्यावर केबिन जवळच्या मजल्यावर आणून दार उघडणारी एआरडी ही यंत्रणा याच बॅटऱ्यांवर चालते. ती जिवंत आहे का, हे महिन्यातून एकदा रिकामी लिफ्ट मधल्या मजल्यावर असताना मेन स्विच बंद करून बघता येतं. हे काम मेकॅनिकसमोर करावं.

तिसरं दुखणं पाण्याचं, असलेल्याही आणि नसलेल्याही. नांदेडला जोराचा पाऊस झाला की सखल भागातल्या तळघरांत पाणी शिरतं आणि लिफ्टचा खड्डा हौद होतो. तिथले स्विच आणि गव्हर्नरचा दोर ताणून धरणारं वजन गंजतं. पाणी उपसलं म्हणजे काम संपलं असं नाही. खड्डा कोरडा करून तपासल्याशिवाय लिफ्ट सोडू नये. लातूरला तऱ्हा उलटी. २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलेल्या या शहरात टँकर आणि जार रोजच्या जगण्याचा भाग झाले. वीस लिटरचा एक जार म्हणजे वीस किलो. सहा माणसांच्या लिफ्टची क्षमता ४०८ किलो, म्हणजे माणशी ६८. जारवाल्यानं एका खेपेत पंधरा जार चढवले की तो आणि तीनशे किलो पाणी. त्यात आणखी दोन माणसं घुसली की क्षमता ओलांडली. ओव्हरलोडचा बझर वाजतो तो उगाच नाही. बझरची वायर काढलेल्या लिफ्टही मी पाहिल्या आहेत.

बाकी छोटे उपद्रवी आहेतच. रिलेमध्ये पाल चिरडते, उंदीर केबल कुरतडतात. दोर कोरडे दिसले म्हणून कुणी उत्साहानं त्यांना ग्रीस फासतं. दोर चाकावर घर्षणानंच पकड घेतो. तिथं ग्रीस म्हणजे घसरण. तेल हवं ते रुळांना. दोराला काय लावायचं, हे मेकॅनिकलाच ठरवू द्यावं.

दारातला मृत्यू

लिफ्टच्या अपघातात माणूस लिफ्टसकट पडतो, अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात जीव जातो तो बहुधा दारात. केबिन समोर नसताना दार उघडतं, अंधारात कुणी सवयीनं पाऊल टाकतं आणि खाली मोकळी विहीर असते. कुलूप नीट असेल तर हे होऊच शकत नाही. पण दार रोज त्रास देतं, रहिवासी चिडतात, फोनवर फोन जातात, हैदराबादहून किंवा पुण्याहून यायचा पार्ट येत नाही. मग कुणीतरी त्या कुलपाच्या दोन टोकांना एक तार जोडून देतो. लिफ्ट झकास चालू लागते, कारण तिची ‘नाही’ म्हणायची सोयच काढून घेतलेली असते. कंट्रोलरमध्ये अशी तार विसरून राहिलेली नाही ना, हा प्रश्न प्रत्येक सर्व्हिसिंगनंतर विचारायलाच हवा.

दुसरा धोका सुटकेचा. दोन मजल्यांच्या मध्ये अडकलेल्या केबिनमध्ये माणूस गुदमरत नाही. तिला हवेसाठी जागा ठेवलेली असते. तो घाबरतो आणि बाहेरचे त्याच्याहून जास्त घाबरतात. दार फाकवून त्याला खाली उडी मारायला लावतात. केबिनच्या तळाखाली उघड्या राहिलेल्या फटीतून तो आत घसरला तर थेट खड्ड्यात. योग्य पद्धत अशी: आतल्याशी बोलत राहायचं, मेन स्विच बंद करायचा आणि प्रशिक्षित माणसानं हातानं ब्रेक हळूहळू सोडत केबिन मजल्याला आणायची. बाहेरून दार उघडणारी त्रिकोणी चावी खिळ्यावर लटकत ठेवू नये. आणि कितीही घाई असली तरी केबिन दिसल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही.

कागद आणि रजिस्टर

राज्यात १९३९ च्या मुंबई लिफ्ट कायद्याची जागा घेणारा उद्वाहने, सरकते जिने व सरकते मार्ग यांचा कायदा २०१७ चा आहे. लिफ्ट बसवायला परवानगी, चालवायला परवाना, विद्युत निरीक्षकांची तपासणी आणि तिऱ्हाइतासाठी विमा, या गोष्टी त्यात आहेत. आपल्या शहरांत अडचण दुसरीच. बिल्डरनं इमारत सोडून दिलेली, सोसायटी कागदावरच, त्यामुळे परवाना कुणाच्या नावावर आहे हेच ठाऊक नसतं. एएमसी, म्हणजे देखभालीचा वार्षिक करार करताना ‘सगळे पार्ट धरून’ की ‘फक्त सर्व्हिस’, हे लेखी घ्यावं. स्वस्त करारात मेकॅनिक येतो, पुसतो आणि जातो.

जुनी लिफ्ट सगळीच बदलावी लागते असंही नाही. युरोपात जुन्या लिफ्टसाठी २००३ मध्ये वेगळं मानक तयार झालं. त्यात ७४ धोके मांडून ते कोणत्या क्रमानं दूर करायचे याची वाट दाखवली. आपल्यालाही हा क्रम लावता येतो: आधी दाराची कुलपं आणि दारातला अडथळा ओळखणारा सेन्सर, मग ब्रेक, दोर आणि एआरडी, आणि सगळ्यांत शेवटी केबिनमधला आरसा. बहुतेक ठिकाणी सुरुवात आरशापासून होते.

किल्लारीचा ३० सप्टेंबर १९९३ चा भूकंप सोसलेल्या या भागानं आणखी एक नियम पाळावा. २१ मार्च २०२४ च्या पहाटे हिंगोलीत केंद्र असलेला ४.५ तीव्रतेचा धक्का नांदेडलाही जाणवला. अशा वेळी जिन्यानंच उतरायचं, आणि मोठा धक्का बसला असेल तर रूळ आणि वजनं तपासल्याशिवाय लिफ्ट सुरू करायची नाही.

औसा रोडच्या त्या इमारतीत मेकॅनिकनं जाताना वॉचमनच्या टेबलावरचं रजिस्टर ओढलं आणि लिहिलं: ‘तिसरा मजला, दाराची खाच साफ केली.’ पान उलटल्यावर तसंच वाक्य मागच्या महिन्यातही होतं आणि त्याआधीही. चेअरमनसाहेबांनी ते वाचलं. बिलाचा विषय काढला नाही. वॉचमनमामांना हाक मारून म्हणाले, ‘‘मामा, उद्यापासून झाडताना तिसऱ्या मजल्याच्या खाचेतूनही ब्रश फिरवा. आणि वर मशिनरूममधली ती गादी कुणाची आहे, जरा विचारा.’’